अ‍ॅस्परॅगस वावरात कवळं, नागपुरात निबर: असं का होतं?

वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातल्या एका कास्तकार भावाचा प्रश्न आहे. शेडनेटखाली दहा गुंठे अ‍ॅस्परॅगस, म्हणजे जमिनीतून निघणारे कवळे कोंब खायची विलायती भाजी. तोडणीचा पहिलाच मोठा हंगाम. सकाळी तोडलेला माल दुपारी नागपूरच्या एका हॉटेलात पोचतो. फेब्रुवारी सरता सरता तो ‘निबर आहे, तोंडात दोरे येतात’ म्हणून परत यायला लागला. हॉटेलवाले म्हणाले, जाड कोंब नको, बारीक पाठवा. बारीक पाठवले, तेही परत आले. घरी मात्र त्याच वाफ्यातले कोंब तोडून लगेच कढईत टाकले की लोण्यासारखे लागतात. दोष वाणाचा, खताचा, की घेणाऱ्याच्या नियतीचा, असं त्यांनी विचारलंय. शिवाय घरून एक प्रश्न जोडलाय, की बुडखा नेमका किती कापायचा.

भाऊ, नियतीवर संशय घेऊ नका. हॉटेलवाल्यांची तक्रार खरी आहे, फक्त त्यांनी सांगितलेलं कारण चुकीचं आहे. वाण आणि खत हेही नंतरचे विषय. तुमचा माल तोडल्यापासून थंड होईपर्यंतच्या वेळात निबर होतोय. तुमच्या पत्रात तोडणीची वेळ आहे, पोचण्याची वेळ आहे, पण मधल्या पाच-सहा तासांत माल कुठे आणि किती गरम होता याबद्दल एक शब्द नाही. सगळी गोम तिथेच आहे.

भेंडी झाडावर निबर होते. एक दिवस तोडा चुकला की झाली. पण वेळेवर तोडलेली कवळी भेंडी टोपल्यात सुकेल, काळी पडेल, तरी तिच्यात नवे दोरे फारसे तयार होणार नाहीत. अ‍ॅस्परॅगसचं तसं नाही. तो वाढत्या झाडाचा धावता कोंब आहे. जमिनीखालच्या गड्ड्यापासून तोडला तरी त्याला वाढ थांबवायचं कळत नाही. तो श्वास घेत राहतो, साखर जाळत राहतो, आणि कापलेल्या जागेची जखम बांधायला आतल्या नळ्यांच्या भिंतींवर लिग्निन चढवत राहतो. लिग्निन म्हणजे लाकडाला लाकूडपण देणारा पदार्थ. ही प्रक्रिया बुडख्याकडून सुरू होते आणि शेंड्याकडे सरकते. म्हणून परत आलेल्या कोंबाचा वरचा अर्धा भाग बरा लागतो आणि खालचा चघळत बसावा लागतो.

या सगळ्याचा वेग गरमीवर ठरतो. भाज्यांमध्ये सर्वांत जोरात श्वास घेणाऱ्यांत अ‍ॅस्परॅगसचा नंबर लागतो. ० अंशाला ठेवलेल्या कोंबाच्या मानाने २० अंशाला ठेवलेला कोंब चौपटीहून जास्त वेगाने श्वसन करतो. आणि २० अंश म्हणजे आपल्याकडे जानेवारीतली, ऊन चढतानाची सकाळ. फेब्रुवारीच्या शेवटी दुपारी पारा ३४-३५ वर जातो तेव्हाचं तुम्हीच बघा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या काढणीपश्चात तज्ज्ञांनी मोजून दाखवलंय, की थंड करायला ४ तास उशीर झाला तर कोंब कापायला लागणारं बळ सरासरी ४० टक्क्यांनी वाढतं. तुमचा उशीर त्याहून मोठा आहे आणि तुमची हवा कॅलिफोर्नियाच्या वसंताहून गरम आहे. गोडीही याच वेळात जाते. साखरेची सर्वांत मोठी घट पहिल्या एका दिवसात होते. मक्याच्या कवळ्या कणसाचं जे होतं तेच. घरी कढईत लगेच टाकलेला कोंब चांगला का लागतो, याचं उत्तर यातच आहे.

आता जाडीचं बोलू, कारण हा गैरसमज फार पसरलाय आणि त्यापायी तुमचा चांगला माल कमी भावात जातोय.

कोंबाची जाडी त्याच्या वयावर ठरत नाही. जमिनीखालच्या गड्ड्यावर डोळा तयार होतो तेव्हाच कोंब किती जाड निघणार हे बरंचसं ठरून गेलेलं असतं. बारीक कोंब काही दिवसांनी जाड होत नाही, तो फक्त उंच होतो. जाड कोंब म्हणजे गड्डा पोसलेला आहे, मुळांत साठा आहे. बारीक कोंब म्हणजे झाड लहान आहे, किंवा दमलंय, किंवा दाट लावलंय, किंवा तोडणी जास्त ताणली आहे. मादी झाडांवर कोंब थोडे आणि जाडसर येतात, नरावर संख्येने जास्त येतात, एवढा फरक धरायचा.

तंतूंचा मोठा भाग सालीत आणि सालीलगत असतो. कोंब जितका बारीक, तितकं त्यात गराच्या मानाने सालीचं प्रमाण जास्त. म्हणजे एकाच वाफ्यातले, एकाच वेळी तोडलेले, सारखेच ताजे दोन कोंब घेतले, तर अंगठ्याएवढा जाड कोंब खाली थोडा सोलून जास्त मऊ लागतो, आणि पेन्सिलीहून बारीक कोंब सोलताही येत नाही, दोरेही सोडतो. वर बारीक कोंब उन्हात आणि गाडीत लवकर सुकतो. हॉटेलवाल्यांनी बारीक मागितला आणि तोही परत केला, यात विसंगती काहीच नाही. त्यांना एकदा जाड कोंब बर्फाच्या पाण्यातून काढून, थंड पेटीत नेऊन द्या. बुडाकडची साल सोलणीने काढून शिजवायला सांगा. नंतर ते बारीक मागणार नाहीत.

वावरातली बाजूही सांगतो, कारण थोडी चूक तिथेही होत असणार. तुम्ही लिहिलंय की कोंब ‘नऊ इंच झाला की’ तोडता. इंचावर जाऊ नका, शेंड्यावर जा. थंडीत कोंब सावकाश वाढतो आणि त्याचा शेंडा बराच उंच जाईपर्यंत घट्ट मिटलेला राहतो. गरमीत तोच शेंडा कमी उंचीवर उलगडायला लागतो. ३० अंशांच्या वर हवा गेली की कोंब जमिनीतून निघता निघताच खवले सैल करतो. शेंडा सुटायला लागला म्हणजे कोंबाने झाड व्हायचं मनावर घेतलं, आणि झाड पेलायचं तर खाली खोड टणक हवंच. फेब्रुवारीच्या शेवटी नऊ इंचांची वाट बघाल तर कोंब वाफ्यातच निबर होतो. सहा-सात इंचांवर शेंडा मिटलेला असेल तर तोडा आणि आखूड माल म्हणून वेगळा बांधा. गरमीत एका दिवसात कोंब चार बोटं सहज वाढतो. तेव्हा सकाळची एक तोडणी पुरत नाही, सांजच्याला दुसरी फेरी करावी लागते. ती करायला माणूस नसेल तर त्या दिवसांत विकायच्या नादी लागू नका.

शेडनेटचं एक लक्षात ठेवा. नेट ऊन अडवतं, हवा थंड करत नाही. कोंबाला आणि मातीला सरळ झळ लागत नाही एवढा फायदा, पण वैशाखात नेटखाली उभं राहिलं तर घाम तेवढाच येतो.

आपल्याकडे झाडाला झोपवणारी कडक थंडी पडत नाही, त्यामुळे युरोपातलं वेळापत्रक इथे लागू करून उपयोग नाही. जर्मनीत तोडणी २४ जूनला थांबवायची रीत आहे, म्हणजे उरलेल्या उन्हाळ्यात झाड वाढून गड्डा भरतो. पेरूच्या इका भागातल्या वाळवंटात थंडीच नाही, तिथे पाणी तोडून झाड झोपवतात. थायलंड आणि तैवानसारख्या गरम मुलखात तिसरी पद्धत चालते. प्रत्येक गड्ड्यावर तीन ते पाच खोडं मोठी होऊ द्यायची, ती पानोळा धरून मुळांना अन्न पुरवत राहतात, आणि बाजूने येणारे कोंब तोडत राहायचे. जुनी खोडं पिवळी पडली की नवी राखायची. आपल्याला हीच पद्धत जमते. पण ती जमली म्हणून बारा महिने तोडत सुटायचं नसतं. माझ्या मते इथे खाण्यालायक, हॉटेलात मिरवण्यालायक माल नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत निघतो. मार्चपासून पावसाळा सरेपर्यंत झाडाला झाड होऊ द्यावं. आणि काळ्या मातीत असाल तर गादीवाफा उंच ठेवा. पावसाचं पाणी चार दिवस साचलं की गड्डा सडतो. बरड, निचऱ्याच्या जमिनीला या पिकात काळीपेक्षा जास्त किंमत आहे, हे आपल्याकडे कोणाला पटकन पटत नाही.

आता मधल्या पाच-सहा तासांचं काय करायचं ते.

तोडणी उजाडता उजाडता करा. कोंब रात्रभरात थंड झालेला असतो, तेवढी गरमी काढायचे कष्ट वाचतात. सुरी धारदार आणि धुतलेली हवी. चिरडलेली जखम लवकर सुकते आणि लवकर सडते. तोडलेला कोंब बांधावर उन्हात ठेवू नका, ओल्या गोणपाटाखाली, सावलीत, उभ्या डब्यात ठेवा. उभाच ठेवायचा, कारण आडवा ठेवलेला कोंब जिवंत असल्यामुळे शेंडा वर वळवतो. काही तासांत वाकडा होतो आणि वाकडा कोंब पेटीत मोडतो.

अर्ध्या-पाऊण तासात माल शेडमध्ये आला की थेट बर्फाच्या पाण्यात. प्लास्टिकच्या ड्रममध्ये पिण्याचं स्वच्छ पाणी, त्यात फोडलेला बर्फ, पाणी इतकं थंड की हात धरवत नाही. बोटभर जाडीच्या कोंबाला दहा-बारा मिनिटं पुरतात. जास्त वेळ बुडवून ठेवायचं काम नाही. पाणी प्रत्येक दिवशी बदला आणि माती लागलेला बुडखा आधी साध्या पाण्याने धुवून घ्या, नाहीतर एका कोंबाची सड सगळ्या ड्रममध्ये पसरते. नंतर निथळून, जुड्या बांधून, बुडाशी ओलं फडकं किंवा ओला जाड कागद घालून थर्माकोलच्या पेटीत उभ्या लावा. बर्फाच्या बाटल्या कापडात गुंडाळून कडेला. बर्फ शेंड्याला टेकला तर शेंडा गोठतो आणि वितळला की काळा, चिकट होतो.

बर्फ रोज परवडत नाही, असं म्हणाल. मग निदान विटा-वाळूचा थंडावा-हौद बांधा. ‘शून्य ऊर्जा शीतकक्ष’ या नावाने दिल्लीच्या पुसा इथल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तो १९८० च्या दशकात पुढे आणला. विटांच्या दोन भिंती, मध्ये तीन इंच वाळू, वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करायची, वर ओल्या गवताचं किंवा गोणपाटाचं झाकण. आपल्या घरचा कूलर ज्या तत्त्वावर चालतो त्याच तत्त्वावर. विदर्भाची उन्हाळी हवा कोरडी ठणठणीत, म्हणून इथे तो कोकणापेक्षा किती तरी चांगलं काम देतो. बाहेरच्यापेक्षा आत दहा-पंधरा अंश कमी आणि ओलावा भरपूर. पण पावसाळ्यात तो निकामी आहे, आणि भर उन्हाळ्यातही अ‍ॅस्परॅगसला लागणारे २ अंश त्यातून कधीच मिळणार नाहीत. गाडी येईपर्यंत दोन तास माल सांभाळायला ठीक, साठवायला नाही. साठवायचं तर ० ते २ अंश, हवेत ९५ टक्क्यांच्या वर ओलावा. तिथे दोन आठवडे, फार तर तीन. नेमक्या ० वर मात्र दहा दिवसांहून जास्त ठेवलं तर थंडीच बाधते आणि शेंडे मलूल, करडे पडतात.

शीतगृह जवळ असलं तरी शेजार बघून घ्या. पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू अ‍ॅस्परॅगसला निबर करतो. तुमचा सेलूचा भाग एके काळी केळीचा. केळी पिकवायच्या खोलीशेजारी, किंवा केळी, आंबा, टोमॅटो भरलेल्या गाडीत या पेट्या ठेवू नका. संत्रा स्वतः हा वायू फारसा सोडत नाही, म्हणून लोक बिनधास्त संत्र्याबरोबर ठेवतात. पण हिरवी बुरशी लागलेला एक संत्रा भरपूर इथिलीन सोडतो, आणि संत्र्याच्या ढिगात असा एक निघतोच.

नागपूरला दुपारी पोचण्याऐवजी सकाळी साडेनऊ-दहाला पोचेल असं बघा. सेलूवरून दीड-दोन तासांचा रस्ता आहे, जमण्यासारखं आहे. पेटीवर तोडणीची वेळ लिहा. आणि हॉटेलात पेटी कुठे उतरवतात तेही एकदा स्वतः जाऊन बघा. मागच्या दाराशी, भट्टीच्या भिंतीला लागून तीन तास पडून राहत असेल तर तुम्ही केलेलं सगळं तिथे वाया जातं आणि खापर तुमच्यावर फुटतं.

ताजा कोंब ओळखायचा कसा, हे घेणाऱ्यालाही दाखवा. आधी शेंडा बघायचा. खवले घट्ट मिटलेले, कोरडे, वास गवतासारखा हिरवा. शेंड्याला चिकटपणा किंवा आंबूस वास आला तर बाकी कोंब कितीही चांगला दिसला तरी सोडून द्यायचा, कारण सड बऱ्याचदा शेंड्यापासून सुरू होते. शेंड्यावरची जांभळी झाक हा दोष नाही. मग अंग बघायचं. ते तकतकीत आणि गोल हवं. लांबीत उभ्या सुरकुत्या म्हणजे पाणी उडालंय. दोन कोंब एकमेकांवर घासले की ताज्या मालाचा किरकिर आवाज येतो, शिळा मुक्यानेच घासला जातो. शेवटी बुडखा. कापलेली जागा ओलसर, फिकट हवी. तपकिरी, फाटलेली, सुकून आत गेलेली असेल तर माल जुना. पाण्याचा शिडकावा करून तकाकी आणता येते, पण बुडख्याची सुकलेली जखम पाण्याने लपत नाही. म्हणून विकत घेताना जुडी उलटी करून बघायची. व्यापारी बुडखा नव्याने कापून आणतात तेव्हा मात्र शेंडा आणि सुरकुत्या यांवरच भिस्त.

घरच्यांच्या प्रश्नाकडे येतो. बुडाचा पांढरट भाग मातीखाली होता, तो टणकच असतो. तेवढा पूर्ण काढा. वरच्यासाठी एक युक्ती सगळीकडे सांगतात, की कोंब दोन्ही हातांनी वाकवायचा, जिथे मोडेल तिथून वर कवळं. माझा तिच्यावर विश्वास नाही. तो कुठे मोडतो हे तुम्ही कुठे धरता आणि किती जोर लावता यावर ठरतं. एकाच जुडीतले कोंब वेगवेगळ्या ठिकाणी मोडतात आणि चांगला अर्धा भाग उकिरड्यावर जातो. त्याऐवजी सुरी बुडापासून सुरू करून एकेक बोट वर सरकवत हलकेच दाबा. जिथे सुरी न अडकता उतरते, तिथे कापा. त्याच्या वरचं चार बोटं अंग सोलणीने सोला. ताज्या कोंबाचं एवढ्याने भागतं. फेकायचं ते टणक बूड आणि साली पाण्यात पंधरा मिनिटं उकळून गाळून घ्या. वरणात किंवा सारात ते पाणी छान लागतं.

शिजवून निबर कोंब मऊ होत नाही. लिग्निन उकळण्याने विरघळत नाही. जास्त शिजवलं तर शेंड्याचा लगदा होतो आणि बुडाचे दोरे तसेच राहतात. खायचा सोडा टाकला तर गर आणखी गाळ होतो, दोरे जागच्या जागी. ताजा बोटभर कोंब उकळत्या मिठाच्या पाण्यात तीन-चार मिनिटांत होतो, बारीक त्याआधी. आपल्या पद्धतीने करायचा तर लोखंडी कढईत तेल तापवून, लसूण-मिरची, मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता, आणि वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. गोडा मसाला, शेंगदाण्याचं कूट असलं काही घालू नका, चव मरते. घरच्या फ्रिजमध्ये ठेवायचा तर बुडखा नव्याने बोटभर कापून, पेल्यात दोन बोटं पाण्यात उभा, वरून प्लास्टिकची पिशवी सैल. पाणी रोज बदललं तर तीन-चार दिवस निभतो.

गावात तुम्हाला कोणी तरी म्हटलंच असेल, की ही तर आपली जंगलातली शतावरी. चुलत नातं आहे, झाड एक नाही. आपली शतावरी म्हणजे ‘अ‍ॅस्परॅगस रेसिमोसस’, काट्यांचा वेल, औषधाला मुळं घेतात. पहिल्या पावसानंतर तिचेही कोंब निघतात आणि रानभाजी म्हणून खातात, पण वरचं वीतभरही अंग कवळं नसतं. ती वाफ्यात लावून हॉटेलचा माल निघणार नाही. आणि तुमच्या झाडांना लाल फळं लागली तर पोरांना खाऊ देऊ नका, ती पोट बिघडवतात.

पुढच्या लागवडीसाठी वाण विचारलंत. ‘मेरी वॉशिंग्टन’ जुनं आणि स्वस्त, पण गरमीत शेंडा लवकर सोडतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाचं ‘यूसी १५७’ गरम हवेत जास्त तग धरतं. जांभळी वाणं गोड असतात आणि त्यांच्यात दोरेही कमी, पण शिजवली की हिरवी होतात. त्यामुळे हॉटेलवाल्यांना ती सलाडसाठी कच्चीच द्यावी लागतात. मात्र सध्याच्या दहा गुंठ्यांतला माल आधी वेळेत थंड व्हायला लागू द्या. तोडलेल्या एका जुडीचे दोन भाग करा. एक लगेच बर्फाच्या पाण्यात, दुसरा दुपारपर्यंत शेडमध्ये. दुसऱ्या दिवशी दोन्ही सारखेच शिजवून हॉटेलच्या आचाऱ्यापुढे ठेवा. वाणाचा खर्च करायचा की बर्फाचा, हे त्याच्या दाताने ठरू द्या.